कुलपाचा फ्रिज

माझ्या आईचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता. तिचं माहेर गंगेकाठच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, मळ्यातलं. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर पिकवायची आणि उजाडायच्या आत पाटी डोक्यावर घेऊन नाशिकच्या बाजारात विकायला बसायचं, हे तिने परकर-पोलक्याच्या वयापासून केलेलं. गिऱ्हाईक मेथीच्या भावावरून हुज्जत घालत असतं, आणि तेवढ्यात त्याचा दुसरा हात कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत सारत असतो, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की पुढे लग्न होऊन ती सातपूरला कामगारांच्या वस्तीत आली तरी सवय सुटली नाही. माणूस बोलायला लागला की ती त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही. हातांकडे बघायची. "तोंड कायबी बोलंल," ती मला सांगायची, "तू हात बघत जा."

आमचे वडील, म्हणजे दादा, अगदी उलट. कारखान्यात लेथवर काम करायचे, आणि आठ तास लोखंडाशी झटून आल्यावर माणसांशी झटायची त्यांची इच्छा नसायची. कोणी काही सांगितलं की ते खरं मानून मोकळे. आई म्हणायची, यांना कोणी दिवसा चांदणं दाखवलं तरी हे पांघरूण घेऊन झोपतील. दादा हसायचे. त्यांना दुपारी झोपायची सवयच होती, कारण तिसरी पाळी करून आल्यावर माणूस दुसरं काय करणार?

आमची ओळ बैठ्या घरांची. दोन खोल्या, मागे मोरी, मागचं दार, आणि शेजारच्या घराला लागून एकच भिंत. त्या भिंतीतून शेजारच्यांच्या फोडणीचा आवाज तर यायचाच, पण मोहरी आधी पडली की जिरं, हेसुद्धा आईला कळायचं. पाळी सुटायचा भोंगा झाला की सायकली आणि लुना यांची एक लाट गल्लीत शिरायची, डबे खणखणायचे, आणि मग घराघरांतून एकाच वेळी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. संध्याकाळी भाकरी थापल्याचे आवाज एकामागोमाग एक. आता मी राहते त्या इमारतीत शेजारच्यांचं नाव मला दारावरच्या पाटीवरून कळलं, आणि ते काय जेवतात हे दारात आलेल्या पिशव्यांवरून. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांच्यावर नजर कशी ठेवती तू?"

दिवाळीचा बोनस झाला त्या वर्षी दादांनी फ्रिज आणला. आमच्या ओळीतला पहिला. टेम्पोतून तो उतरवला तेव्हा अर्धी गल्ली दारात होती. हलका निळा रंग, एक दार, आणि मुठीखाली कुलपाचं भोक. आईने आधी त्याला चारी बाजूंनी हात फिरवून कुठे चरा आहे का ते पाहिलं. मग दार उघडलं, आतला दिवा लागला, आणि तिच्या डोळ्यांत लगेच संशय आला.

"दार लावल्यावर हा दिवा विझतो कशावरून?"

दादांनी आतलं बटण दाबून दाखवलं. दिवा विझला.

"ते तुम्ही दाबलं म्हणून विझला. दार लावल्यावर आत काय चालतं ते कोणी पाह्यलंय? जळत राह्यला तर बिल आपल्याला."

दारातल्या बायका हसल्या. पण त्यांच्यापैकी दोघींना तो मुद्दा पटला होता, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. पुढचे कितीतरी दिवस आई अचानक, बेसावध गाठावं तसं, फ्रिजचं दार झटक्यात उघडून बघायची. दिवा प्रत्येक वेळी लागलेलाच असायचा, त्यामुळे तिचा संशय कधी फिटला नाही. आज माझ्या घरचा फ्रिज दार उघडं राहिलं तर ओरडून सांगतो. आईला तो अजिबात आवडत नाही. चोराच्या उलट्या बोंबा, म्हणते.

किल्ली आईच्या कनवटीला. हळूहळू सगळ्या ओळीच्या वस्तू आमच्याकडे येऊ लागल्या. कुणाचं इडलीचं पीठ, कुणाचं उरलेलं दूध, लग्नाच्या आदल्या दिवशी हार, उन्हाळ्यात लिंबाच्या सरबतासाठी बर्फ. आई नाही म्हणायची नाही, पण तिचे कायदे होते. वस्तू मालकिणीने स्वतः आणायची, भांडं काठोकाठ भरून आणायचं, म्हणजे पुढे "कमी कसं झालं" ही भानगड नको, आणि नेताना आईसमोर झाकण उघडून बघून न्यायचं. "मी कुणाचं खाल्लं असं कुणी म्हणायला नको, आणि कुणी माझं खाल्लं असं मला म्हणायला लागायला नको." गल्लीत तिला माघारी 'फौजदारीण' म्हणत. तिला ते माहीत होतं. मला वाटतं, आवडतही होतं.

आमच्या फ्रिजमध्ये काहीही न ठेवणारं घर एकच होतं, आणि ते नेमकं भिंतीपलीकडचं. बागुलकाकूंचं. काकू सटाण्याकडच्या. नवरा लवकर गेलेला, गावाकडे थोडी कांद्याची जमीन, आणि मुलगा विलास दादांच्याच कारखान्यात. काकूंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. पेटीची, कपाटाची, कोठीच्या खोलीची, आणि आम्ही मुली पैजेवर सांगायचो, साखरेच्या डब्याचीसुद्धा. फ्रिजला त्या 'शिळं खायचं यंत्र' म्हणायच्या. चालताना जुडगा वाजायचा, त्यामुळे काकू कुठे आहेत हे भिंतीतून आम्हांला नेहमी ठाऊक असायचं. आई आणि काकू एकमेकींना मनातून मानत असल्या पाहिजेत, कारण दोघी एकमेकींपासून फार जपून असत.

त्या वैशाखात विलासचं लग्न झालं. सून सिन्नरकडची, सुनंदा नावाची. अंगाने काडी, पण चपळ, आणि हसली की पूर्ण हसायची. मी तेव्हा अकरावीत, ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, त्यामुळे आमचं लगेच जमलं. लग्नाला आठवडाही झाला नसेल, एका सकाळी ती फडक्यात बांधलेला स्टीलचा छोटा डबा घेऊन आली.

"काकू, एवढं ठेवता का तुमच्या फ्रिजमध्ये? चेहऱ्याला लावायचं आहे. गरमीने खराब होतं."

"सासूबाईंना विचारलं का?"

"त्यांना फ्रिज आवडत नाही ना. नका सांगू."

आई तिच्या हातांकडे बघत होती. बोटं डब्याच्या झाकणावर इतकी घट्ट होती की नखं पांढरी पडली होती. मला वाटलं आई नाही म्हणणार. पण तिने किल्ली काढली आणि डबा मागच्या कोपऱ्यात ठेवून घेतला. सुनंदा गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "वस्तू आपल्या घरात असली म्हंजे लक्ष तरी राहतं."

लक्ष राहिलंच. सुनंदा सकाळी यायची आणि संध्याकाळी यायची, दोन्ही वेळा जेवणाच्या जरा आधी. हातात दुधाचं भांडं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं दूध ठेवायला आली. डबा घेऊन मोरीत जायची, आतून कडी लावायची, नळ सोडायची, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन डबा परत द्यायची. चेहरा कोरडा ठणठणीत.

"चेहऱ्याला लावती म्हणती," आई त्या रात्रीच्या भाकरी थापताना म्हणाली, "आणि चेहरा तर आपल्या पाटासारखा कोरडा. आणि बाहेर आली की पयलं काय विचारती? काकू, जेवायला काय केलंय? आपल्या घरी जायचीबी घाई. सासू जेवायला देत नाय का तिला?"

मग भावाची भर पडली. सुनंदाचा भाऊ महिन्यातून एकदा सिन्नरहून यायचा, हातात थर्मास. बहिणीला भेटायला येणारा भाऊ पेढे आणील, केळी आणील. हा थर्मास आणायचा, आणि काकू देवळात गेलेल्या असल्या की सुनंदा तो घेऊन थेट आमच्याकडे. आईच्या अंगात आता बाजारातली सगळी माळीण जागी झाली होती. "सिन्नरहून चहा घेऊन येतो का हा? इथं चहा मिळत नाय?" तिने एकदा थर्मासला बाहेरून हात लावून पाहिला. थंडगार. त्यानंतर तर तिला झोप लागेना. आधी तिला वाटलं, मूल होऊ नये म्हणून काहीतरी घेते आहे. मग वाटलं, नवऱ्याला वश करायचं औषध असेल, विलास फार ऐकतो तिचं. आणि एक दिवस पीठ चाळता चाळता थांबून ती हळूच म्हणाली, "सासूला घालायचं तर नसंल काही?"

"तू पोलिसात पाहिजे होतीस," दादा म्हणाले.

"मग तुमाला पयलं आत टाकलं असतं," आई म्हणाली.

मी हसले खरी, पण आईचा संशय संसर्गासारखा असतो. सुनंदाबरोबर मेंदी वाटताना, तिच्या दंडावर एक निळसर डाग दिसला तेव्हा, माझ्याही मनात काहीबाही येऊ लागलं. आणि मला त्याचं वाईट वाटायचं, कारण ती मला आवडत होती.

शेवटी आईने डबा उघडला. भर दुपारी, दादा झोपलेले, मी शेजारी. फडक्याची गाठ सोडण्याआधी तिने ती कशी बांधली आहे ते नीट पाहून ठेवलं. आत कापूस, स्पिरिटचा वास, काचेची सिरिंज, सुया, आणि रबराच्या बुचाच्या दोन इवल्या बाटल्या. नाव मी वाचलं आणि मला कळलं. जीवशास्त्राच्या तासाला हे नाव नुकतंच येऊन गेलं होतं.

"आई, हे साखरेच्या आजाराचं औषध आहे. मधुमेहाचं. रोज टोचून घ्यावं लागतं."

"चल. साखर म्हाताऱ्यांना होती."

"लहान वयातपण होते. मग सुईशिवाय चालत नाही."

"आणि नाय घेतली तर?"

मी बाटल्या परत कापसात ठेवल्या. आईने गाठ होती तशी बांधली, डबा होता तिथे ठेवला आणि फ्रिजला पाठ लावून खाली बसली. संशय खरा निघाला की एरवी तिचा चेहरा कसा खुलायचा ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी तसं काही झालं नाही.

संध्याकाळी सुनंदा आली तेव्हा आई मोरीच्या दारात उभी राहिली. "चेहऱ्याला लावायचं ना? लाव, माझ्यासमोर लाव."

सुनंदा रडली नाही. भांडं खाली ठेवलं आणि सरळ सांगून टाकलं, कुणीतरी विचारावं म्हणून वाट बघत असल्यासारखं. बारावीच्या वर्षी दवाखान्यात मरता मरता वाचली होती. तेव्हापासून सुई. बाटल्या भाऊ बर्फाच्या थर्मासमधून आणायचा. दोन स्थळं कळल्यावर परत गेली, म्हणून तिसऱ्या वेळी आईवडिलांनी सांगितलंच नाही. विलासला तिने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, आईला एवढ्यात कळू देऊ नको, शेजारी फ्रिज आहे.

"सासूबाईंना कळलं तर त्या मला माहेरी पाठवतील, काकू. त्यांना फसवलंय आम्ही. मग मी कुठं जाऊ?"

"फसवलंच हाय," आई म्हणाली. ती रागावलेली होती आणि तो राग खोटा नव्हता. तिला कुणी कुजकी फुलं ताज्याखाली घालून दिली की असाच आवाज लागायचा. "तुझ्या आईबापानं लय वाईट केलं. त्या बाईनं एकटीनं पोरगा वाढवला. तिला आधी सांगाया पायजे होतं." मग तिने सुनंदाच्या हातांकडे पाहिलं. "आणि खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं. चेहऱ्याला लावती म्हणं! उद्यापासून मागल्या दारानं ये. पुढून समदी गल्ली बघती. आणि सुई घेतली की इथंच चार घास खायाचे. घरी जाऊन वाढून होईस्तोवर थांबायचं नाय."

तेव्हापासून आईच्या संशयी स्वभावाचा सुनंदाला जो उपयोग झाला तसा आम्हां कुणालाच कधी झाला नव्हता. फौजदारिणीच्या फ्रिजला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मागच्या दारापाशी आईने कुंडीत तुळस लावली, म्हणजे सुनंदा रोज तिथे का येते याला कारण झालं. तुळस काकूंच्या अंगणातही होती, हे मी म्हटलं. आई म्हणाली, "ती वाळली हाय." आणि खरंच, तिने ती वाळवली होती. रोज काकू देवळात गेल्या की भिंतीवरून त्यात गरम पाणी ओतत होती. एकीकडे हे करायचं आणि दुसरीकडे काकूंशी बोलताना नजर चुकवायची, हे तिला जड जात होतं. "मी चोरी पकडणारी बाई," ती एकदा म्हणाली, "आणि आता चोराची भागीदार झाले." भिंतीपलीकडून जुडग्याचा आवाज आला की ती बोलता बोलता थांबायची. तिला वाटायचं, काकूंना कळलंय. कधी वाटायचं, नाही कळलं. काकूंचा चेहरा वाचणं सोपं नव्हतं, आणि हात तर कायम त्या किल्ल्यांवर.

मग भाद्रपद आला, आणि हरतालिका.

आमच्या ओळीत हरतालिकेची पूजा बागुलकाकूंच्या घरी व्हायची. गंगेची वाळू आणून तिच्या पिंडी करायच्या, पत्री वाहायची, आणि काकू पोथीतून कहाणी वाचायच्या. इतर बायका केळं खायच्या, चहा घ्यायच्या. काकूंच्या घरात मात्र निर्जळी. पाण्याचा थेंब नाही. नव्या सुनेचं पहिलं वर्ष म्हणजे तर विचारायलाच नको. आई आठ दिवस आधीपासून बेत रचत होती. सकाळी सुनंदा मागल्या दाराने येईल, सुई घेईल, आणि आमच्या स्वयंपाकघरात बसून दोन पोळ्या आणि दूध घेईल. आईचाही उपास होता, पण तिने पोळ्या केल्या, ताटाखाली झाकून ठेवल्या. "देवाला समजतं," ती मला म्हणाली. "सासवांचं सांगता येत नाय."

सुनंदा वेळेवर आली. मोरीत गेली, बाहेर आली, पाटावर बसली. आई ताट उचलणार, तेवढ्यात मागल्या दाराबाहेर जुडगा वाजला. काकू आमच्या मागल्या दाराने याआधी कधीही आल्या नव्हत्या. आईने ताट तसंच परत ठेवलं.

"दूधनं भांडं लई आनी," काकू दारातून म्हणाल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी यायची. "आज कोन दूध पेनार शे घरमा? चाल, पूजानी तयारी पडेल शे."

"येतेच, आई. एवढं..."

"आते चाल," म्हणून काकूंनी तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन गेल्या. जाताना त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा आईकडे. सुनंदाने मागे वळून पाहिलं तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. सुई टोचून झाली होती. पोटात काही नव्हतं.

मी पुस्तकात जेवढं वाचलं होतं तेवढं आईला धडाधडा सांगितलं. औषध रक्तातली साखर खाणार, वरून काही गेलं नाही तर ती संपणार, आधी घाम, मग थरथर, मग शुद्ध जाईल. आई लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, "किती वेळ?" ते पुस्तकात नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. उदबत्त्या, ओली वाळू, आघाड्याचा आणि बेलाचा वास. सुनंदा काकूंशेजारी पाटावर. आई मुद्दाम तिच्या समोर बसली. पूजा चालू झाली. पाणी, दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं पिंडीवर वाहून झालं आणि उरलेल्याचं पंचामृत थोडं मोठ्या वाटीत, बाकीचं तांब्यात, देवापुढे राहिलं. मग काकूंनी पोथी उघडली. काकूंचं वाचन सावकाश. एकेक शब्द त्या तोलून टाकायच्या. आई सुनंदाच्या हातांकडे बघत होती, आणि मी आईकडे.

वात पुढे सारताना सुनंदाच्या हातून तेल सांडलं. कपाळावर घाम आला, पंखा डोक्यावर असून. एका बाईने तिला पत्रीचं ताट मागितलं, तर तिने तांब्या दिला, आणि हसली, पण ते तिचं हसणं नव्हतं. मागच्या बायकांत कुजबुज झाली. "दिवस गेले वाटतं." "चेहराच सांगतोय." कुणीतरी काकूंच्या दंडाला आनंदाने कोपर लावलं. काकू वाचतच होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हिला साखर द्या, ही मरेल, आणि माझं तोंड उघडलंही असावं, कारण आईने माझ्या मांडीला जोरात चिमटा घेतला. तिलाही कळत नव्हतं काय करावं. सांगितलं तर पोरीचा संसार जातो, नाही सांगितलं तर पोरगी जाते. ते मी तिच्या चेहऱ्यावर लख्ख वाचलं. सुनंदाची मान एका बाजूला कलली.

आई उठली. कहाणी अर्धी असताना उठू नये म्हणतात. तिने देवापुढची वाटी उचलली, सुनंदाला एका हाताने कवेत धरलं आणि चमच्याने पंचामृत तिच्या तोंडात घातलं. एक चमचा, दुसरा, तिसरा.

"अहो, अहो! निर्जळी आहे तिची!" एक बाई ओरडली.

"मग? तीर्थ हाय. देवाचं तीर्थ नको म्हणू का? तीर्थानं कुणाचा उपास मोडलाय?"

"तीर्थ पळीभर असतं. असं वाटीभर नाही घेत."

"देवाला माप लावती का तू?" आईचा आवाज बाजारातला होता, सगळ्या गलबल्याच्या वरचा. "ज्योती, मध आण इकडं."

मी पूजेच्या ताटातली मधाची वाटी तिच्या हाती दिली. तिने तो सगळा बोटाने सुनंदाच्या गालांच्या आतून लावला. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पोथीवर बोट ठेवलं होतं, वाचत होत्या तिथेच, आणि त्या सुनंदाकडे बघत नव्हत्या. आईच्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी तांब्यातलं उरलेलं पंचामृत स्वतःच आईपुढे सरकवलं. "अजून शे," एवढंच म्हणाल्या.

हळूहळू सुनंदाच्या डोळ्यांत ओळख परत आली. तिने आजूबाजूला पाहिलं आणि पदर सावरला. काकूंनी कहाणी पहिल्यापासून वाचायला घेतली. सगळ्या बायका पुन्हा हात जोडून बसल्या. निघताना कुणीतरी पेढे कधी म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या, उपास बाधला, दुसरं काही नाही.

"तिला कळलं," घरी आल्यावर आई म्हणाली. "ती माझ्या हातांकडं बघत व्हती. माझीच इद्या माझ्यावर."

दुसऱ्या दिवशी, ऐन गणेश चतुर्थीला, काकू पहिल्या एसटीने सटाण्याला गेल्या. कुणाला काही सांगितलं नाही, सुनंदाशी बोलल्या नाहीत. जाताना जुडगा नेहमीसारखा कमरेला. आईचा ठाम अंदाज होता की त्या भावकीला गोळा करायला गेल्या आहेत, आता चार पुरुष मंडळी येतील, सिन्नरला निरोप जाईल आणि फसवणुकीचा न्याय होईल. सुनंदा आमच्याकडे येऊन सुई घेत होती, खात होती, पण घास तिच्या तोंडात फिरत राहायचा. तिने माहेरून आणलेली पेटीही आवरून ठेवली होती, म्हणजे ऐन वेळी शोभा नको. विलास कामावरून यायचा आणि उंबऱ्यावर बसून राहायचा. मला त्याचा राग यायचा. आईला काकूंचा राग येत होता, सुनंदाच्या आईवडिलांचा येत होता आणि स्वतःचा सगळ्यांत जास्त. "सरळ सांगितलं असतं तिला आधीच," ती म्हणायची. "माझ्याच्यानं झालं नाय."

काकू आल्या त्या टेम्पोत पुढे बसून. मागे भावकी नव्हती. मागे पुठ्ठ्याच्या खोक्यात फ्रिज होता. गावाकडच्या कांदाचाळीत साठवलेला कांदा विकून आणलेला. आमच्यापेक्षा थोडा मोठा, आणि मुठीखाली कुलूप. गल्ली लोटली. शिळं खायचं यंत्र काकूंच्या घरात कसं, म्हणून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आई दारातून हलली नाही. तिला यातही काहीतरी डाव दिसत होता.

फ्रिज जागेवर लागला, गार झाला, आणि मग काकू आमच्याकडे आल्या. मागल्या दाराने.

"ज्योतीनी माय, आमना डबा द्या."

"कोणता डबा?" आई म्हणाली. शेवटपर्यंत कबूल न होण्याची सवय.

"फडकामा बांधेल शे, तो."

मग आईने कनवटीची किल्ली काढली, फ्रिज उघडला आणि मागच्या कोपऱ्यातून डबा काढून दिला. आमच्या घराच्या कायद्याप्रमाणे मालकिणीने झाकण उघडून बघून न्यायचं. काकूंनी उघडला नाही. गाठीला हातही लावला नाही. बाहेर ऊन होतं म्हणून डब्यावर पदर घेतला आणि गेल्या. आम्ही दोघी त्यांच्या मागोमाग, न बोलावता. त्यांनी डबा आपल्या फ्रिजच्या मधल्या खणात, पुढे, हाताला लागेल असा ठेवला. कुलूप लावलं. जुडग्यातून नवी किल्ली सोडवायला त्यांना वेळ लागला, कडी घट्ट होती. ती त्यांनी सुनंदाच्या हातात दिली.

"ही तुनी," म्हणाल्या. "पन मोरीमा नही जावानं. उजेडमा बशीसन टोचत जा."

सुनंदा तिथेच खाली बसली आणि एवढे दिवस साठलेलं सगळं रडली. मीही रडले. आई रडली नाही, पण घरी येऊन तिने फ्रिजचं दार उगीचच दोनदा उघडलं आणि लावलं.

काकूंना कळलं कसं आणि कधी, याचा आईने पुढे वर्षानुवर्षं तपास केला. दादा म्हणायचे, विलासने त्याच संध्याकाळी सांगितलं असणार. आईला ते इतकं साधं पटायचं नाही. तिचं म्हणणं, काकूंना भिंतीतून आधीपासून सगळं ऐकू येत होतं, आणि त्या सून स्वतः कधी सांगते याची वाट बघत होत्या. मग त्या सकाळी तिला ओढून का नेलं? या एका प्रश्नापाशी आईची झोप उडायची. काकूंना विचारायची तिची हिंमत कधी झाली नाही. आता आमच्या त्या ओळीतली निम्मी माणसं लग्नाच्या पंगतीत मोठ्याने सांगतात, मला शुगर आहे, गोड वाढू नका. ते ऐकलं की मला मोरीतला सोडलेला नळ आठवतो.

पुढच्या वर्षीची हरतालिका पुन्हा काकूंच्याच घरी. तशाच वाळूच्या पिंडी, तशीच बायकांची गर्दी. सुनंदा काकूंशेजारी. पूजा मांडून झाली, आणि पोथी उघडण्याआधी काकूंनी पाण्याचं तांब्याभांडं जवळ ओढलं. भांडं भरलं आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायल्या. लग्न झाल्यापासून ज्या बाईने या दिवशी ओठ ओला केला नव्हता, ती. बायकांचे डोळे मोठे झाले.

"माले आते निर्जळी व्हत नही," काकू म्हणाल्या. "वय झायं. हातपाय थरथरतस. या घरमा आजपाइन निर्जळी बंद." मग केळ्याची फणी सुनंदापुढे सरकवली. "तू बी खाई ले."

आई माझ्या शेजारी बसली होती. सवयीने ती काकूंच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिने मला हळूच कोपराने ढोसलं आणि मी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. काकूंनी दुसरं भांडं काठोकाठ भरलं होतं आणि सुनेला देत होत्या. त्यातला एक थेंबही हलत नव्हता.